पहिल्या वर्षाची वही

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

समाजकार्य महाविद्यालयांत सध्या बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या, पहिल्या वर्षाचे प्रवेश चालू आहेत. मी एका शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या पदावर एकोणतीस वर्षं काम करून निवृत्त झाले. एवढं लांब पदनाम रुग्णालयात कुणी उच्चारत नाही, तिथे आम्ही ‘समाजसेवावाल्या मॅडम’. या वर्षांत क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे मुलांच्या भाषेत फिल्डवर्कला, आलेली शंभरावर मुलंमुली माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून गेली. त्यांचं पहिलं वर्ष मी फार जवळून पाहिलं आहे. त्या वर्षात जे व्हायला हवं ते हल्ली होत नाही, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी सर्जरी वॉर्डात साठीतले एक गृहस्थ तिसऱ्यांदा भरती झाले होते. मधुमेह, उजव्या पायाला न भरणारी जखम, दोन बोटं आधीच काढलेली. एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा त्यांना भेटून आला आणि त्यानं अहवाल लिहिला : ‘रुग्ण उपचाराबाबत निष्काळजी आहे. कुटुंबाचे सहकार्य नाही. आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे. समुपदेशन केले.’ मी त्याला विचारलं, निष्काळजी आहेत हे तू पाहिलंस, ऐकलंस की ठरवलंस? तो म्हणाला, सिस्टर म्हणाल्या. मी म्हटलं, मग तसं लिही आणि पुन्हा जा.

दुसऱ्या फेरीत तो एवढंच आणू शकला की आजोबा ड्रेसिंगला येत नाहीत. तिसऱ्या वेळी मी त्याला सांगितलं की आता प्रश्न विचारू नकोस, त्यांचा येण्याचा दिवस त्यांच्याकडून ऐक, सकाळी उठल्यापासून. तासाभरानं तो परत आला तेव्हा त्याच्या वहीत हे होतं. गावात एसटी सकाळी नऊला येते. शहरात पोचायला सव्वाअकरा. केसपेपरच्या रांगेत पाऊण तास. ड्रेसिंगची खोली साडेबाराला बंद. परतीची गाडी पाचला. पाय टेकत नाही म्हणून बायको सोबत लागते, म्हणजे भाडं दोघांचं आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली. घरी फ्रिज नाही. इन्सुलिनची बाटली माठाशेजारी गाडग्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. आणि उशाखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले जुने केसपेपर, ते त्यानं एकेक उघडून मोजले. अकरा. त्यातल्या चार वेळा ड्रेसिंग न होताच माणूस परत गेला होता, कारण खोली बंद झाली होती.

त्या मुलानं माझ्यासमोर ‘निष्काळजी’ शब्दावर आडवी रेघ मारली. नंतरचं काम फार अवघड नव्हतं. त्यांच्या गावापासून चार किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र होतं. आमच्या सर्जनसाहेबांची चिठ्ठी घेऊन तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोललो, ड्रेसिंगचं सामान काय लागेल ते विचारलं, वार ठरवले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आजोबा वॉर्डात परत आले नाहीत एवढं मला खात्रीनं माहीत आहे. पण पहिला अहवाल तसाच फाइलला लागला असता, तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरानं तो शब्द वाचूनच त्यांच्याकडे पाहिलं असतं.

संपादक महोदय, पायाभूत अभ्यास म्हणतात तो माझ्या मते हा आहे. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन आणि सामाजिक क्रिया या सहा पद्धती पहिल्या वर्षाच्या मुलाला पाठ असतात. त्या असाव्यातच, मी पुस्तकांच्या विरोधात नाही. मुलं ज्या प्रकरणाला सर्वांत जास्त कंटाळतात तेच प्रकरण मला आयुष्यभर पुरलं. अमेरिकेतल्या मेरी रिचमंड यांनी १९१७ साली सामाजिक निदानावर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी पुराव्याचे प्रकार वेगळे काढून दाखवले : आपण स्वतः डोळ्यांनी पाहिलेला, दुसऱ्यानं सांगितलेला आणि परिस्थितीवरून काढलेला. शंभर वर्षं होऊन गेली, पण आमच्या वॉर्डातल्या ‘निष्काळजी’ या एका शब्दाला ते वर्गीकरण आजही पुरेपूर लागू पडतं. अडचण अशी की मुलाला हे तीन प्रकार दहा गुणांच्या उत्तरात लिहिता येतात, पण स्वतःच्या अहवालातलं एक वाक्य त्यातल्या कोणत्या प्रकारात बसतं हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

पूर्वी विचारायचे. आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य, त्याची नोंद वहीत, मग पर्यवेक्षक शिक्षक प्रत्येक विद्यार्थ्याला एकट्याला घेऊन बसायचे आणि ती वही ओळीनं वाचायची. मुलं त्याला आयसी म्हणतात, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. या अर्ध्या तासात माणूस घडतो. शेवटच्या काही वर्षांत मी काय पाहिलं? एका महाविद्यालयातून चौदा मुलं एकदम माझ्याकडे पाठवली, सोबत शिक्षक एकदाही आले नाहीत. चौकशी केली तर समजलं की पूर्णवेळ शिक्षकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरच्या एकट्या बाईंकडे चाळीस मुलं. त्या बाईंना मी दोष देत नाही. महिन्याकाठी किती हातात पडतं ते त्यांनीच मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. दुसरीकडून सत्र संपताना फोन आला, ‘मॅडम, मुलांच्या हजेरीवर सह्या करून द्या, परीक्षा जवळ आलीय.’ मुलांच्या फायलीत मागच्या बॅचचे अहवाल, फक्त नावं आणि वयं बदललेली. अगदी अलीकडे मोबाइलवरून तयार करून आणलेले अहवालही पाहिले, भाषा गुळगुळीत, आणि त्यातला रुग्ण आमच्या वॉर्डात कधी भरतीच नव्हता.

एकदा मी सही केली. मुलगा गरीब घरचा होता, घरून निघून हॉटेलात रात्रीचं काम करून शिकत होता, आणि त्याचं वर्ष वाया जाईल असं मला वाटलं. तो पुढे एका संस्थेत मुलांसंबंधीच्या कामावर लागला. बालकल्याण समितीपुढे मूल येतं तेव्हा त्याच्या घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहिला जातो, आणि मूल घरी जाणार की संस्थेत राहणार हे ठरवताना समिती तो कागद समोर ठेवते. ज्याला गृहभेट कशी करायची हे मी शिकवलं नाही, त्याच्या हातात तो कागद गेला. ती सही करायला नको होती.

आता दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत जास्त टोचते. प्रसूती विभागात एक मुलगी दाखल झाली. केसपेपरवर वय एकोणीस, आधारकार्डावर सोळा. आमच्याकडे आलेली विद्यार्थिनी एकवीस वर्षांची, मनमिळाऊ, खेड्यातून आलेली. दोन दिवसांत तिनं त्या मुलीचा विश्वास मिळवला. मुलगी म्हणाली, ताई, माझं खरं वय कुणाला सांगू नका, सगळे माझ्यावर उठतील. आणि आमच्या विद्यार्थिनीनं शब्द दिला, नाही सांगणार. वर्गात आदल्याच आठवड्यात समाजकार्यकर्ता आणि मदत घेणारा माणूस यांच्या नात्याविषयीची बिस्टेक यांची सात तत्त्वं झाली होती. त्यातलं गोपनीयतेचं तत्त्व तिनं मनापासून घेतलं होतं.

पण बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं त्या प्रत्येकानं कळवणं बंधनकारक आहे, आणि गप्प राहिलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे. लग्न झालेलं असलं तरी अठराच्या आतली मुलगी कायद्यानं बालकच. हे त्या विद्यार्थिनीला कुणीच सांगितलं नव्हतं. कायद्यांचा पेपर पुढच्या सत्रात होता, क्षेत्रकार्य मात्र पहिल्या महिन्यात सुरू झालं होतं. ती माझ्यासमोर बसून हुंदके देऊन रडली. म्हणाली, मॅडम, मी शब्द दिलाय.

मी तिला सांगितलं की कळवावं तर लागेलच, पण पोलीस येण्याआधी तू स्वतः जा, तिच्याशेजारी बस आणि काय होणार आहे ते तिला सांग. कोण येईल, काय विचारतील, बालकल्याण समिती म्हणजे काय, बाळ तिच्याजवळच राहावं यासाठी आपण काय बोलणार आहोत, सगळं. ती गेली. मुलीनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस ती आमच्या विद्यार्थिनीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बाळाला घ्यायला हाक मारली, कारण तिला न्हाणीघरात जायचं होतं. तेवढ्यावर पुन्हा सुरुवात झाली.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून मी पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करून घ्यायचे, अगदी मोठ्यानं, त्याच्या घरच्या बोलीत : ‘तू सांगशील ते मी इकडेतिकडे बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कायद्यानं कळवणं भाग असेल तर मला कळवावं लागेल, आणि कळवायच्या आधी मी तुला सांगेन.’ गोपनीयतेची मर्यादा आधी सांगितली तर विश्वास कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे. माणूस विचार करून बोलतो, आणि ते त्याच्या हिताचंच असतं.

त्या विद्यार्थिनीबाबत आणखी एक गोष्ट आयसीत बाहेर आली. मी तिला विचारलं, सोळाव्या वर्षी पोटुशी मुलगी पाहून तुला पहिल्यांदा काय वाटलं? बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, काहीच नाही वाटलं, माझ्या ताईचं पण सतराव्या वर्षीच झालं होतं. स्वतःला ओळखणं हा पहिल्या वर्षाचा विषय कागदावर असतो, स्वजाणीव वगैरे नावानं. पण तो विषय एका पीपीटीत संपतो. आमच्याकडची मुलं रुग्णाच्या खाटेपाशी गेली की नाव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न काय विचारतात? पूर्ण नाव सांगा. आडनाव कळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. आडनाव नाही कळलं तर गाव, गावात कुठे राहता, मग वस्तीचं नाव. केसपेपरवर जे आधीच लिहिलेलं आहे ते पुन्हा का विचारलंस, असं विचारलं की मुलं गोंधळतात, कारण आपण जात शोधत होतो हे त्यांचं त्यांनाही कळलेलं नसतं. वाईट मुलं नसतात ती. आपल्या घरात जे मुरतं ते घेऊन आलेली असतात. पहिल्या वर्षी हे हलक्या हातानं दाखवून दिलं नाही तर पुढे नोकरीत कुणी दाखवत नाही.

इतिहासाच्या पेपरविषयीही लिहिलं पाहिजे. मुलं १६०१ चा इंग्लंडमधला दरिद्री कायदा लिहितात, १८८४ चं लंडनचं टॉयन्बी हॉल आणि १८८९ चं शिकागोचं हल हाउस ही गरीब वस्तीतच राहून काम करणारी केंद्रं लिहितात. हल हाउसच्या बायकांनी आसपासच्या वस्तीत घरोघर फिरून कोण कुठून आलं, किती मजुरी मिळते याचे रंगीत नकाशे तयार केले होते. ते मी स्वतः मुलांना आवर्जून सांगते. पण जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह एका ओळीत उरकलं जातं. विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल बरोबर न्यावं की तिथे ठेवावं हे तिनं ठरवावं, अशी तिथली व्यवस्था होती. गोपनीयता आणि स्वयंनिर्णय ही दोन्ही तत्त्वं त्यात आहेत, बिस्टेक यांनी ती लिहून काढण्याच्या जवळपास शंभर वर्षं आधीची. त्याच सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि त्यातच गेल्या. आमच्या प्रसूती विभागात उभ्या असलेल्या मुलीला हे ठाऊक असेल तर तिला आपण कुठल्या परक्या देशाची पद्धत राबवतोय असं वाटणार नाही. भारतात समाजकार्याचं पहिलं व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं तेही नागपाड्याच्या वस्तीतल्या नेबरहूड हाउसमध्ये. त्याचीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. म्हणजे आधी वस्ती आणि तिथेच वर्ग. आज वर्ग आधी, वस्ती जमली तर.

मी हे सगळं ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याबद्दल थोडं सांगते. एमएसडब्ल्यूला मी उशिरा गेले, लग्नानंतर. मुलगी दोन वर्षांची, सासूबाईंकडे ठेवलेली. पहिल्या वर्षाचे दोन-तीन महिने झाले असतील, तोच १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. काही आठवड्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना पत्र्याच्या शेडमध्ये कुटुंबांची माहिती घ्यायला नेलं. हातात छापील प्रश्नावली. एका आजींसमोर मी बसले आणि पहिला प्रश्न वाचला, घरात माणसं किती? आजींनी बोटं मोजायला घेतली, मध्येच थांबल्या आणि मला विचारलं, ‘गेलेली धरून सांगू का सोडून?’

फॉर्मवर त्यासाठी चौकट नव्हती. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. शेडच्या पत्र्यावर ऊन तापून येणारा आवाज आठवतो, आणि त्यांनी मला पितळी तांब्यातून पाणी दिलं ते आठवतं. तो तांब्या ढिगाऱ्यातून काढलेला, एका बाजूनं चेपलेला होता. संध्याकाळी परतताना आमच्या सरांनी गाडीत सगळ्यांना फॉर्म मिटायला लावले. म्हणाले, आज काय झालं ते वहीत लिहा, तुम्हाला काय वाटलं ते वेगळ्या पानावर लिहा. दोन्ही एकत्र करू नका. पुढच्या आठवड्यात त्यांनी ती वही वाचली. ‘आजी खचलेल्या होत्या’ या माझ्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हे तुला कसं कळलं?’ त्या एका प्रश्नावर मी पुढची एकोणतीस वर्षं मुलांना शिकवलं. वही अजून माझ्याकडे आहे. आजींचं नाव त्यात नाही, सरांनी तेव्हाच खोडायला लावलं होतं.

आज कुणी म्हणेल, हे सगळं महाविद्यालयांवर सोडून द्या. पण तपासणार कोण? वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना परिषद आहे, औषध विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. केवळ समाजकार्याच्या शिक्षणाचं आणि व्यवसायाचं नियमन करणारी वैधानिक परिषद देशपातळीवर नाही. २०२१ च्या आरोग्याशी संलग्न व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले, हे चांगलं झालं. पण आश्रमशाळेत, बालगृहात, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी पाहणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात, गावोगावच्या संस्थांत काम करणारी मुलं बाहेरच राहिली. म्हणून निदान पहिल्या वर्षाची राखण विद्यापीठांनी आणि सामाजिक न्याय विभागानं करावी. क्षेत्रकार्याचे आठवड्याचे दोन दिवस कुठल्याही कारणानं कापू नयेत. पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असावेत याची मर्यादा पाळली जावी आणि त्यासाठी रिकाम्या जागा भराव्यात. पॉक्सो, बाल न्याय कायदा, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, अपंग हक्कांचा २०१६ चा कायदा, यांतलं जेवढं पहिल्या दिवशी लागतं तेवढं मुलं वॉर्डात किंवा वस्तीत पाय ठेवण्यापूर्वी शिकवावं, सविस्तर पेपर नंतर येऊ दे. परीक्षा घेताना बाहेरच्या परीक्षकानं छापील उत्तरपत्रिकेइतकाच वेळ क्षेत्रकार्याच्या वहीला द्यावा, आणि वही हातानं, ज्या भाषेत ते माणूस बोललं त्या भाषेत लिहिलेली असावी. आजोबांनी ‘गाडग्यात ठिवलंय’ म्हटलं असेल तर वहीत ‘गाडग्यात ठिवलंय’ असंच यावं.

प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगते की महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, फी विचारा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, तुमची वही कोण वाचतं, किती वेळानं वाचतं. उत्तर ऐकून ठरवा.

मला आता वेळ आहे आणि डोळे शाबूत आहेत. माझ्या जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही समाजकार्य महाविद्यालयानं बोलावलं तर आठवड्यातून एक दिवस येऊन मी पहिल्या वर्षाच्या मुलांचे अहवाल त्यांच्यासोबत बसून वाचेन. मानधन नको. महाविद्यालयांनी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा, माझा पत्ता आपल्याकडे दिलेला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय), मराठवाडा